व्हिएतनामची बदली: जावं का, आणि काय लिहून घेऊन जावं?

पत्र: माझे यजमान चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत प्रॉडक्शनला आहेत. कंपनीने त्यांना व्हिएतनाममधल्या बिन्ह दुओंगच्या कारखान्यात तीन वर्षांसाठी पाठवायचं ठरवलं आहे. मी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवते. मुलगी आठवीत आहे, डॉक्टर व्हायचं म्हणते. मुलगा दुसरीत. सासूबाई ६८ वर्षांच्या, बीपी आणि शुगर दोन्ही. घरात दोन तट पडलेत. दीर म्हणतात, 'तोही आपल्यासारखाच विकसनशील देश, इथलं चांगलं चाललेलं सोडून तिकडे कशाला?' यजमान म्हणतात, राहणीमानाच्या यादीत तो देश आपल्या बराच पुढे आहे. कोणाचं खरं मानायचं? – एक शिक्षिका, पुणे

ताई, यादीबद्दल यजमानांचं म्हणणं बरोबर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२५च्या मानव विकास अहवालात १९३ देशांत व्हिएतनाम ९३वा आहे आणि भारत १३०वा. सरासरी आयुर्मान तिथे ७४ वर्षांच्या पुढे, आपल्याकडे ७२च्या आसपास. दरडोई उत्पन्न आपल्या जवळपास दीडपट. १९८६ साली त्यांनी अर्थव्यवस्था खुली करायला घेतली, तेव्हा लढाईतून बाहेर पडलेला तो एक अतिशय गरीब देश होता. त्यामुळे 'आपल्यासारखाच' हे दिरांचं मत आता जुनं झालंय.

पण ती यादी तिथल्या नागरिकाला काय मिळतं ते सांगते. सरकारी शाळा, सरकारी दवाखाना, पोटापुरती नोकरी, यातलं बहुतेक त्याला त्याच्या भाषेत आणि त्याच्या ओळखपत्रावर मिळतं. तुम्ही जाल त्या यजमानांच्या वर्क परमिटवर, भाषा न येणारं कुटुंब म्हणून. म्हणून प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारा: ही सोय रस्त्यावरच्या कोणालाही मिळते, की फक्त तिथल्या माणसाला? पहिल्या प्रकारात तुमची नक्की चांदी आहे. दुसऱ्या प्रकारातलं सगळं तुम्हाला पैसे मोजून विकत घ्यावं लागेल, आणि ते पैसे कंपनी देणार की तुम्ही, यावर तुमचा निर्णय ठरेल.

रस्त्यावरच्या कोणालाही मिळणाऱ्या सोयींपासून सुरुवात करू. नळाला दिवसभर पाणी असतं. वाघोली किंवा बावधनच्या सोसायट्यांसारखा टँकरचा हिशेब ठेवावा लागत नाही. मात्र ते पाणी कोणी थेट पीत नाही. पिण्यासाठी २० लिटरचे जार घरपोच येतात. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जानेवारी २०२५मध्ये जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली आणि तिचा संबंध पाण्याशी जोडला गेला, हे तुम्हाला आठवत असेल. तिथेही जार भरवशाच्या कंपनीचाच घ्या, सील तपासा. वीज स्थिर आहे. २०२३च्या मे-जूनमध्ये उत्तर भागात मोठी टंचाई झाली होती, दक्षिणेला तेवढी झळ बसली नाही. दाब आपल्यासारखाच, २२० व्होल्ट, पण सॉकेट दोन पिनांचे. मिक्सर, इस्त्री न्यायची असेल तर तीन पिनांचा चांगल्या जाडीचा अडॅप्टर इथूनच घ्या. विमानतळावरचा प्रवासी अडॅप्टर ७५० वॉटच्या मिक्सरला तापतो आणि वितळतो.

बायकांचं फिरणं हा आमच्या मते त्या देशाचा सर्वांत मोठा फायदा आहे, आणि तुमच्या घरात तेरा-चौदा वर्षांची मुलगी असल्याने त्याला जास्त वजन द्या. तिथे पंधरा वर्षांवरच्या बायकांपैकी साठ टक्क्यांहून जास्त कमावत्या किंवा काम शोधणाऱ्या आहेत. आपल्याकडे २०२३-२४च्या श्रमबल पाहणीत हा आकडा ४१.७ टक्के होता. कारखान्याच्या दुसऱ्या पाळीतून रात्री अकराला सुटलेल्या मुली एकट्या स्कूटरवरून घरी जातात, वाटेत टपरीवर खातात. छेडछाड अजिबात नाही असं नाही, पण घरी परतायच्या वेळेवरून रोज वाद होणार नाही. हो ची मिन्ह सिटीत, म्हणजे बिन्ह दुओंगजवळच्या मोठ्या शहरात, धोका असतो तो मोबाइल हिसकावणाऱ्यांचा. फुटपाथच्या कडेला उभं राहून फोन हातात धरायचा नाही, पर्स रस्त्याच्या बाजूच्या खांद्याला लावायची नाही.

वाहतूक दिसायला पुण्यासारखीच, दुचाक्यांचा पूर. हेल्मेट मात्र २००७च्या डिसेंबरपासून सगळे घालतात, कारण दंड खरोखर होतो. जानेवारी २०२५पासून दुचाकीने सिग्नल तोडला तर ४० ते ६० लाख डोंग भरावे लागतात. एका रुपयाला साधारण ३०० डोंग धरा, म्हणजे १३ ते २० हजार रुपये. थोडी जरी दारू पिऊन गाडी चालवली तरी गुन्हा, तिथे किमान प्रमाण वगैरे काही नाही. वाहनं उजव्या बाजूने जातात, सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. एक गोष्ट फार जण चुकवतात. आपल्या आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९च्या करारावरचा असतो आणि व्हिएतनाम १९६८चा करार मानतं. त्या परवान्यावर गाडी चालवणं म्हणजे विनापरवाना चालवणं, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. दीर्घ मुदतीचं निवासपत्र मिळालं की भारतीय परवान्याचं व्हिएतनामी भाषांतर जोडून तिथला परवाना काढून घ्या. तोवर ॲपवरची टॅक्सी.

आता पैसे मोजून घ्याव्या लागणाऱ्या गोष्टी. त्यात शाळा हे तुमचं खरं दुखणं आहे.

व्हिएतनामच्या सरकारी शाळा चांगल्या आहेत. १५ वर्षांच्या मुलांच्या 'पिसा' या जागतिक चाचणीत त्यांनी २०१२पासून श्रीमंत देशांच्या बरोबरीने गुण मिळवले आहेत. पण शिकवणं व्हिएतनामीतून. दुसरीतला मुलगा एखाद्या वर्षात भाषा उचलेलही, नववीतल्या मुलीला ते जमणार नाही. मग उरतात खासगी शाळा. हो ची मिन्ह सिटीतल्या नावाजलेल्या आंतरराष्ट्रीय शाळांची फी वरच्या इयत्तांना वर्षाला १० लाख रुपयांपासून ३० लाखांपर्यंत जाते, आणि शाळा लांब असेल तर बसचे पैसे वेगळे. द्विभाषिक शाळा त्याच्या निम्म्यात किंवा तिसऱ्या हिश्शात होतात. मुलासाठी ती चांगली निवड ठरेल. दोन मुलांची फी धरली तर यजमानांना मिळणारी सगळी पगारवाढ तिथेच संपेल. म्हणून कंपनीच्या पत्रात 'शैक्षणिक भत्ता' एवढंच लिहिलेलं चालणार नाही. फी कंपनीने थेट शाळेला भरावी, ही तरतूद करारात असावी आणि पावती कंपनीच्या नावाने निघावी. अशी थेट भरलेली फी तिथल्या आयकरात परदेशी कर्मचाऱ्याचं उत्पन्न धरली जात नाही. तीच रक्कम रोख हातात दिली की पगारात मिळवली जाते आणि वरच्या टप्प्यावर ३५ टक्के कर कापला जातो. वर्षातून एकदा मायदेशी जाऊन-येऊन विमानभाड्याचंही तसंच आहे.

आणि मुलीचं डॉक्टर व्हायचं. घरातल्या दोन्ही तटांनी याचा विचार केलेला दिसत नाही. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या राज्य कोट्यासाठी अधिवास दाखल्यासोबत दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-महाविद्यालयांतून उत्तीर्ण व्हावी लागते. सवलत आहे ती मोजक्या गटांना, उदाहरणार्थ केंद्र सरकारच्या बदलीवरच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांना. खासगी कंपनीची बदली त्यात बसत नाही. तीन वर्षांची बदली म्हणजे नववी, दहावी, अकरावी तिकडे. ती दहावी हो ची मिन्ह सिटीत झाली की राज्य कोट्याचं दार बंद, उरतो १५ टक्क्यांचा अखिल भारतीय कोटा, अभिमत विद्यापीठं किंवा अनिवासी भारतीयांच्या महागड्या जागा. सरकारी कॉलेजची वर्षाची फी आणि अभिमत विद्यापीठाची फी यात किती अंतर आहे ते तुम्ही शिक्षिका म्हणून जाणताच. अभियांत्रिकीचे नियम तुलनेने सैल आहेत, तिथे आई किंवा वडील महाराष्ट्राचे अधिवासी असण्यावरही काही उमेदवार पात्र ठरतात. पण वैद्यकीयचं तसं नाही. सीईटी कक्षाची चालू वर्षाची माहितीपुस्तिका उघडून पात्रतेचं कलम दोघांनी मिळून वाचा.

म्हणून आधी मुलीशी बोला, आणि मोकळेपणाने बोला. आठवीतलं 'डॉक्टर व्हायचं' कधी पक्कं असतं, कधी वर्गातल्या मैत्रिणीचं ऐकून आलेलं असतं. पक्कं असेल तर आमचं स्पष्ट मत आहे की तुम्ही मुलांसह पुण्यातच राहावं आणि यजमानांनी एकट्याने जावं. मुदत तीनऐवजी दोन वर्षांची करून मागावी, आणि दर तीन महिन्यांनी येण्याचं भाडं लिहून घ्यावं. तुम्ही सगळ्यांनी मे महिन्यात आणि दिवाळीत तिकडे जावं. मुंबईहून थेट विमानाने पाच-साडेपाच तासांचा प्रवास आहे. पक्कं नसेल, आणि दोन्ही मुलांची फी कंपनी थेट भरणार असेल, तर जा. तिथे मोकळेपणाने वावरायला मिळालेली वर्षं मुलीला आयुष्यभर पुरतील असं आम्हाला मनापासून वाटतं. 'जाऊन बघू, नाही जमलं तर दहावीला परत येऊ' हा मधला मार्ग मात्र धरू नका. आंतरराष्ट्रीय शाळांचं वर्ष ऑगस्टला सुरू होऊन जूनच्या मध्याला संपतं, विषयांची मांडणी वेगळी असते, आणि थेट दहावीत प्रवेश देताना आपली मंडळं आणि शाळा दोघंही हात आखडता घेतात. दहावी इथूनच द्यायची असेल तर नववीही इथेच होऊ दे.

तुमची नोकरीही हिशेबात धरा. जोडीदार म्हणून मिळणाऱ्या निवासपत्रावर काम करता येत नाही, स्वतःचं वर्क परमिट लागतं. बी.एड. आणि अनुभव असल्याने आंतरराष्ट्रीय शाळेत गणिताची जागा मिळणं अशक्य नाही, पण अर्ज जानेवारी ते एप्रिलमध्ये करावे लागतात. इंग्रजी शिकवण्याच्या क्लासची जाहिरात पाहून जाऊ नका. तिथे भारतीय पासपोर्टवाल्यांकडून इंग्रजीचं वेगळं प्रमाणपत्र मागतात, आणि 'परमिट नंतर बघू' म्हणणारे क्लास तुम्हाला बेकायदा कामात अडकवतात. आत्ताच्या शाळेला राजीनामा देण्याआधी बिनपगारी रजा मागून पाहा.

घर कुठे घ्यायचं यावर रोजचा दिवस कसा जाईल ते ठरतं. जुलै २०२५मध्ये बिन्ह दुओंग प्रांत हो ची मिन्ह सिटीत विलीन झाला आणि जिल्ह्यांची पातळी रद्द झाली. कागदावर तुम्ही 'सिटी'त राहाल, पण अंतर आहे तेवढंच. बिन्ह दुओंगचं मुख्य गाव थू दाउ मोत, तिथपासून जुन्या शहराच्या मध्यापर्यंत ३० किलोमीटर, आणि महामार्ग १३ वर कंटेनरची रांग लागली की दीड तास. बाणेरला राहून चाकणला जाणाऱ्यांना हे सांगायला नको. चांगल्या शाळा बहुतेक जुन्या शहरातल्या थाओ दिएन आणि फू माय हुंग या वस्त्यांच्या बाजूला, कारखाना उत्तरेला. थू दाउ मोतमध्ये दोन-तीन बेडरूमचा फ्लॅट ३३ ते ५० हजार रुपयांत मिळतो, थाओ दिएनमध्ये त्याच्या दुप्पट-अडीचपट. त्यात थाओ दिएनच्या काही रस्त्यांवर सप्टेंबर ते डिसेंबर मोठ्या भरतीचं पाणी चढतं, पाऊस नसतानाही. घर बघायला पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास संध्याकाळी जा, पार्किंगच्या भिंतीवर पाण्याची रेघ दिसते का ते पाहा. अनामत दोन महिन्यांची असते. करारात विजेचा दर काय लिहिलाय ते वाचा, काही घरमालक सरकारी दरावर स्वतःची भर घालतात. घरमालकाने तुमची पोलिसांकडे नोंद केली पाहिजे. त्या नोंदीशिवाय निवासपत्राचं काम अडतं. पत्त्यात नव्या प्रभागाचं नाव हवं, लोक अजून जुन्या जिल्ह्याचंच सांगतात.

खर्चाचा अंदाज: शाळा सोडून चौघांना थू दाउ मोतमध्ये महिन्याला सव्वा ते दीड लाख रुपये धरा. तांदूळ, भाजी, फळं पुण्याच्याच जवळपास. पेट्रोल बरंच स्वस्त, २०२५मध्ये ६५ ते ७० रुपये लिटर होतं. दूध दुप्पट, ११५ ते १३० रुपये लिटर. तूरडाळ, कणीक, पनीर महाग आणि शहरातल्या भारतीय दुकानांतच. कामवालीचे तासाला अडीचशे रुपयांच्या आसपास, म्हणजे पुण्यासारखी धुणं-भांडी-पोळ्यांना तीन बायका ही चैन विसरायची. शाकाहारी असाल तर पाटीवर 'चाय' लिहिलेलं दुकान शोधा, त्यांच्या भाषेत तो शब्द शाकाहारी जेवणासाठी आहे. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला तर जागोजागी असं जेवण मिळतं. बाकी ठिकाणी नुसत्या भाजीच्या वाडग्यातही हाडांचं सूप किंवा माशाचा सॉस असतो, 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही.

हवामान मुंबईसारखं दमट, थंडी नाही, मे ते नोव्हेंबर पाऊस. हनोईच्या हिवाळी धुरक्याच्या बातम्या वाचून घाबरू नका, ते बिन्ह दुओंगपासून हजाराहून जास्त किलोमीटरवर आहे. डेंग्यू आपल्यासारखाच आहे, काळजी तीच.

दवाखाना मात्र पुण्याहून गैरसोयीचा. सरकारी रुग्णालयांत गर्दी आणि भाषेची अडचण. इंग्रजी बोलणाऱ्या खासगी रुग्णालयात साध्या तपासणीला तीन ते आठ हजार रुपये सहज जातात. पुण्यात कोपऱ्यावरचा डॉक्टर शे-पाचशेत बघतो, हे सुख तिथे नाही. कंपनीच्या विम्यात बाह्यरुग्ण तपासणी आणि दात आहेत का, आणि रुग्णालय थेट बिल विमा कंपनीला पाठवतं की आधी तुम्ही भरायचं, हे विचारा. सासूबाईंना कायमचं नेता येणार नाही. ९० दिवसांचा ई-व्हिसा मिळतो, एकदा किंवा अनेकदा प्रवेशाचा. त्यांची तीन महिन्यांची औषधं मूळ पाकिटात, आणि चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कारण आपल्याकडचे ब्रँड तिथे कोणी ओळखत नाही. प्रवास विम्यात आधीपासूनचे आजार धरले आहेत का ते वाचल्याशिवाय तिकीट काढू नका. आणि दिरांना सांगा, तुम्ही सगळे गेलात तर रात्री-अपरात्री त्यांनाच धावावं लागेल. हा भार ते घेतील का, हे तिकीट काढायच्या आधी ठरू दे.

आणखी एक फरक कुठल्याच खर्चात दिसत नाही. तिथे एकच पक्ष आहे, वर्तमानपत्रं सरकारच्या ताब्यात आहेत, काही परदेशी बातम्यांची संकेतस्थळं बंद असतात. २०२५च्या पत्रस्वातंत्र्य निर्देशांकात भारतच १५१वा आहे, व्हिएतनाम १७३वा. रोजच्या जगण्यात याचा त्रास जाणवत नाही. पण सरकार, पक्ष, सीमावाद यांवर समाजमाध्यमांत काही लिहू नका, मोर्चा-निदर्शनाचे फोटो काढू नका. मुलीलाही हे नीट समजावून सांगा.

पैशांच्या बाबतीत दोन-तीन गोष्टी सही करण्याआधी उरकाव्या लागतील. ऑफर 'हातात येणाऱ्या' रकमेची आहे की कराआधीची, हे लेखी घ्या. तिथे १८३ दिवस झाले की जगभरच्या उत्पन्नावर कर लागू होतो. भारत-व्हिएतनाम दुहेरी करटाळणी करार आहे, पण त्यासाठी दोन्हीकडची विवरणपत्रं भरावी लागतात. नोकरीसाठी निघताना त्या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस भरायच्या आत, म्हणजे सप्टेंबरचा शेवटचा आठवडा लागण्याआधी निघालं तर यजमान त्याच वर्षी अनिवासी ठरतात, तारीख ठरवताना हे बघा. पुण्याचा फ्लॅट भाड्याने देणार असाल तर अनिवासी मालकाच्या भाड्यातून ३० टक्क्यांच्या दराने कर कापायची जबाबदारी भाडेकरूवर येते. त्याला आधी सांगितलं नाही तर पुढे भांडणं होतात. पगारातून घरी पैसे पाठवताना तिथली बँक नोकरीचा करार आणि कर भरल्याचा पुरावा मागते. घराचे हप्ते चालू असतील तर पगाराचा एक भाग भारतातच जमा करून घेणं सोपं. कंपनीअंतर्गत बदली म्हणून परमिट निघालं तर तिथल्या सामाजिक विम्याची कपात होत नाही. इथला भविष्यनिर्वाह निधी चालू राहणार का, ते विचारा.

शेवटी कागद, कारण बहुतेकांचे दोन महिने इथेच जातात. यजमानांची पदवी आणि अनुभवपत्र, पोलिसांचा दाखला, तुमचं विवाह नोंदणी प्रमाणपत्र, मुलांचे जन्मदाखले, या सगळ्यांवर राज्य आणि परराष्ट्र मंत्रालयाची साक्षांकनं होतात आणि मग व्हिएतनामी भाषांतर. वकिलातीचा शिक्का कोणत्या कागदाला लागेल याची यादी एचआरकडून ईमेलवर मागवा. महाराष्ट्रातल्या लोकांची हमखास अडचण नावाची: गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, कुठे वडिलांचं नाव आहे कुठे नाही, आणि तुमच्या पदवीवर माहेरचं नाव. तिथला कारकून ही दोन वेगळी माणसं धरतो आणि फाइल परत पाठवतो. जन्मदाखला फक्त मराठीत असेल तर महापालिकेकडून इंग्रजीसह नवा काढा. नावांत फरक असेल तिथे 'दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं नोटरीपुढचं प्रतिज्ञापत्र करून तेही साक्षांकनाला जोडा, आणि पासपोर्टवर जसं नाव आहे तसंच प्रत्येक अर्जात, विमान तिकिटापर्यंत, अक्षर न बदलता लिहा.